तोंडी मास्तरांचा फळा

आमचे तोंडी मास्तर उत्तर देणाऱ्या मुलाकडे कधीच बघायचे नाहीत. गणित घालायचं, एकाला उभं करायचं, आणि त्याच्याकडे चक्क पाठ फिरवून उरलेल्या शेहेचाळीस तोंडांवर नजर ठेवायची. उभं असलेलं पोर चुकलं तर मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. चुकेल नाही तर काय करेल, शिकायलाच आलंय. पण बाकांवर कुणाचे ओठ हलले की संपलंच. आवाज फुटायचीसुद्धा गरज नाही. "खिडकीजवळचे ओठ, उठा," असं म्हणायचे. नाव घ्यायचे नाहीत, नुसते ओठ. आणि खिडकीजवळचे ते ओठ बहुतेक वेळा माझे असायचे.

छडी त्यांनी आयुष्यात हातात धरली नाही. त्या काळातल्या मास्तराबद्दल हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं, पण खरं आहे. त्यांची शिक्षा एकच आणि ती अख्ख्या गावाला पाठ होती. "सांगणारा आणि ऐकणारा, दोघं उभे." घंटा होईपर्यंत मागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मला त्याचा फार राग यायचा. ऐकणाऱ्याचा काय दोष हो? कानात बोटं घालून बसायचं का त्याने? एकदा मी तोंड वर करून विचारलंसुद्धा. मास्तर म्हणाले, "ऐकू आलं हा दोष नाही. ऐकलेलं आपलं म्हणून सांगितलं, हा दोष."

आणि नियम त्यांना स्वतःलाही होता. एकदा फळ्यावर गणित मांडताना ते हातचा एक विसरले. मीच ओरडले, "मास्तर, चुकलं!" सगळा वर्ग गार. मास्तरांनी फळ्याकडे नीट पाहिलं, खडू ठेवला, हात झटकले आणि मागे जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. व्हरांड्यातून हेडमास्तर चालले होते, ते थबकले. "काय मास्तर, हे काय?" मास्तर तिथूनच म्हणाले, "शिक्षा चालू आहे. उत्तर ऐकलंय मी. दहा मिनिटं राहिलीत." तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही.

त्यांचं खरं नाव इनास. पण गावात ते कुणी घेत नसे; फादरांनाही ते बाप्तिस्म्याच्या वहीत शोधावं लागलं असतं. पाटी न घेता गणित करायला लावायचे म्हणून तोंडी मास्तर. हजेरीसुद्धा तोंडीच. पट टेबलाच्या खणात, मास्तरांचं तोंड फळ्याकडे, आणि सत्तेचाळीस नावं ओळीने, एकही न चुकता. कोण आज नाही, कोण कालही नव्हता, कुणाची आजी आजारी आहे म्हणून तो घरी, हे सगळं डोक्यात ठेवून दुपारी एकदम पटावर चढवायचे. गणितंही आमच्याच घरांतली. "तुझ्या वाडीत तीनशे वीस केळी. वाऱ्याने पडल्या चोवीस, नव्या लावल्या तेरा. आता किती?" पोरं वाडीतलीच, त्यामुळे उत्तर चुकलं की घरी जाऊन केळी बघून यावंसं वाटायचं.

मी गणितात ढ होते. ढ म्हणजे अगदी ठार. तीनशे वीस ऐकलं की चोवीस येईपर्यंत तीनशे वीस गायब. एकदा शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला थांबवलं. मला वाटलं, झालं, आता घरी चिठ्ठी. तर ते समोर बसले आणि म्हणाले, "कार्मेलिन, आकडा डोक्यात राहत नाही ना? मग ओठांत धर. आवाज नको. नुसता ओठांत धरून ठेव, दुसरा आकडा आला की त्याच्या शेजारी ठेव. एकदा ओठांना सवय झाली की डोकं आपोआप येतं मागनं."

मी म्हटलं, "पण ओठ हलले की तुम्ही उठवता."

"स्वतःची पाळी असताना हलव. दुसऱ्याची असताना दातांखाली धर."

त्या एका युक्तीवर मी दहावी झाले, पुढे तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला, दवाखान्यात नोकरीला लागले. आजही कुणी फोन नंबर सांगितला की माझे ओठ हलतात. नवरा चिडवतो, "कुणाशी बोलतेस?" आधीआधी मी सांगायचे, मास्तरांशी. आता सांगत नाही. त्यातला पहिलाच भाग मी शिकले आणि दुसरा विसरले, आणि मास्तरांच्या शेवटाशी त्याचा संबंध आहे. तेच सांगायला बसले आहे.

निवृत्त झाल्यावर मास्तर घरामागच्या वाडीत रमले. बायको आधीच गेलेली. एकुलता मुलगा आल्विन तुळिंजला राहायला गेलेला, कारण त्याचं वर्कशॉप तिकडे, रेल्वेच्या पूर्वेला. घरात मास्तर, वाडीत केळी आणि अनंताची झाडं, आणि मागे बावखल, म्हणजे आमच्याकडे वाडी शिंपायला खणलेलं तळं असतं ते. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग पंप लावायचा, पाटाने पाणी सोडायचं, मग पेपर. एवढ्यात त्यांचं सुख मावत होतं. आल्विन दर रविवारी यायचा आणि दर रविवारी म्हणायचा, "पप्पा, चला तिकडे." मास्तर म्हणायचे, "चौथ्या मजल्यावर केळ येते का रे?"

मे महिन्यात आमच्या आळीत क्रुसापुढे रोज संध्याकाळी रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते. ती बरीच वर्षं मास्तरच सांगायचे. एका रहस्याला, म्हणजे माळेच्या एका भागाला, दहा नमो मारिया. बाकीच्यांच्या हातांत मणी, मास्तरांचे हात मागे बांधलेले. त्यांची मोजणी ओठांत. एका संध्याकाळी दहा झाल्या तरी मास्तर थांबले नाहीत. अकरा झाल्या, बारा झाल्या. बायकांनी मणी चिमटीत धरून एकमेकींकडे पाहिलं. चौदा. कुणी थांबवेना. समोर उभे होते ते निम्मे लोक त्यांच्याच वर्गातून गेलेले. मास्तरांना उत्तर सांगायचं कुणी? सांगणारा उभा राहतो हे हाडांत मुरलेलं. सतरावीला माझी आई मुद्दाम खोकली. मास्तर थांबले आणि म्हणाले, "जास्त झाल्या वाटतं. असू देत, मारियेला चालतील." लोक हसले. मास्तर हसले नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत होते.

त्यानंतर एकेक सुरू झालं. पंप लावून मिस्साला निघून गेले आणि शेजारच्या वाडीत पाणी शिरलं. स्टोव्हवर चहा ठेवून वाडीत गेले, पातेल्याचा कोळसा झाला. गंमत म्हणजे जुनं सगळं लख्ख. माझ्या वर्गाची सत्तेचाळीस नावं विचारा, ओळीने सांगायचे. पण आत्ता हातात घेतलेलं काम दोन मिनिटं धरून ठेवायचं म्हटलं की निसटायचं. ते स्वतःच मला म्हणाले, "माझी वही शाबूत आहे गं. फळा बिघडलाय. लिहितो न लिहितो तोच पुसला जातो." इतकं नेमकं मला दवाखान्यातल्या कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

आल्विनचा धीर सुटला. तो काही वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगते. पुढे त्याच्यावर कुणी रागावू नये. तो म्हणाला, "पप्पा, मागे बावखल, त्यात विजेचा पंप, आणि तुम्ही एकटे. मला झोप लागत नाही. आता घर बंद करू." मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. हातात अनंताची चार फुलं. "कार्मेलिन, तू डोक्याला तारा लावतेस ना? तुमच्याकडे फळ्यावर काही औषध आहे का?"

तेव्हा मी वसईतल्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायच्या खोलीत होते. नवं शतक लागून सहा-सात वर्षं झाली होती. मुंबईहून एक डॉक्टर मॅडम आठवड्यातून काही दिवस यायच्या आणि त्यांनी एक प्रयोग सुरू केला होता. कपाळाच्या डाव्या बाजूला मिठाच्या पाण्यात भिजवलेला एक स्पंज, उजव्या भुवईवर दुसरा, वरून रबराचा पट्टा, आणि त्यातून बॅटरीवरचा अगदी बारीक करंट. वीस मिनिटं, असे दहा दिवस. त्याने माणसाची ती आत्ताच्या आत्ता धरून ठेवायची शक्ती, मास्तरांचा फळा, थोडी सुधारते का, हे बघायचं. परदेशात असे प्रयोग चालले होते, मॅडम भरवशाने नाही पण आशेने बोलायच्या. "औषध समजू नका, नुसतं बघतोय," असं त्या प्रत्येकाला बजावायच्या.

मास्तरांनी मात्र ते औषधच मानलं, आणि आल्विनशी करार केला. ईस्टरपर्यंत मुदत. प्रयोगाच्या शेवटी निकालाचा कागद चांगला आला तर ते घरीच राहतील. नाही आला तर मुकाट्याने तुळिंज. "परीक्षा मी कधी चुकवली नाही," असं म्हणाले आणि सही केली. आल्विनने माझ्याकडे पाहिलं. "कार्मेलिन, तू तिथे आहेस म्हणून हो म्हणतोय. तुझा कागद मी मानीन."

पहिल्या दिवशी पट्टा मीच बांधला. ज्या डोक्यापुढे आम्ही चळचळा कापायचो, ते माझ्या पुढ्यात, केस ओले, खारं पाणी गालावरून ओघळतंय. मी रुमालाने पुसलं. म्हटलं, "मास्तर, आता जरा मुंग्या चावल्यासारखं होईल."

"लाल की काळ्या?"

"काळ्या."

"मग चालू दे." थोड्या वेळाने म्हणाले, "बघ, इतकी वर्षं छडीला हात लावला नाही. आता म्हातारपणी माझ्याच डोक्याला बांधली."

करंट संपला की परीक्षा. मी आकडे वाचायचे, सेकंदाला एक, आणि त्यांनी ते उलटे सांगायचे. मी चार, नऊ, दोन म्हटलं तर त्यांनी दोन, नऊ, चार. पहिल्या दिवशी तीन आकडे जमले, चौथ्याला गडबडले. तोंडी मास्तर, आणि चार आकड्यांना अडखळले. मला रडू आलं. ते मात्र माझ्याकडे एकटक बघत होते, आपण सपशेल नापास झालोय हे कळलेल्या पोरासारखे.

मॅडमनी मला शिकवून ठेवलं होतं, "वाचताना कागदाकडे बघायचं, पेशंटकडे नाही." बाकीच्या पेशंटच्या वेळी मी तसंच करायचे. पण मास्तरांपुढे मान खाली घालून बोलायचं? "बोलताना समोरच्याकडे बघावं" हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याच पुढ्यात? मला नाही जमलं. मी त्यांच्याकडे बघूनच वाचायचे. मग ते उत्तर जुळवत असताना मी गप्प बसून वाट बघायची. आणि गप्प बसले की माझे ओठ आपलं काम करायचे. उत्तर बरोबर की चूक हे ताडून बघायला मला आकडे उलटे धरायला नकोत का? ते मी धरायचे. ओठांत. मास्तरांनी शिकवलं होतं तसेच.

चौथ्या दिवशी चार जमले. सहाव्या दिवशी पाच. सातव्या दिवशी सहा! मी खुर्चीवरून उठलेच. मॅडमना जाऊन सांगितलं, त्यांनी आकडे दोनदा बघितले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, आईने क्रुसापुढे मेणबत्ती लावली. मला वाटलं, देवा, करंट लागू पडला. विजेने माणूस परत येतोय.

आठव्या दिवशी मला सर्दी झाली होती. म्हाताऱ्यांना लागू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून बसले. त्या दिवशी मास्तरांना तीन आकडे जमले. चौथ्याला थांबले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज जरा दिसत नाही नीट."

ऐकू येत नाही असं नव्हे. दिसत नाही. मी पेन खाली ठेवलं. आयुष्यभर वर्गातले ओठ वाचलेला माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि मी सात दिवस रोज त्याला उत्तर सांगत होते.

इथे मी थांबायला हवं होतं. मॅडमना जाऊन सांगायचं, मॅडम, माझी चूक झाली, आकडे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. एवढंच. दोन मिनिटांचं काम. मी नवव्या दिवशी सांगेन म्हणून घरी गेले. नवव्या दिवशी रुमाल तसाच, मास्तर तसेच तीनवर. दवाखान्यातून निघताना म्हणाले, "कार्मेलिन, अनंताला कळ्या लागल्यात. पुढच्या आठवड्यात फुलतील. मी असलो तर तुझ्याकडे घेऊन येईन." ते "असलो तर" माझ्या काळजात रुतलं. मी मॅडमना काही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी आल्विन आला होता. भिंतीशी खुर्ची घेऊन बसला, मोबाइल बंद केला. माझी सर्दी काही गेली नव्हती. मी रुमाल सोडला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. मास्तरांनी ते पाहिलं. मग मी आकडे वाचले, आणि या वेळी ओठ आपोआप हलले असं मी म्हणणार नाही. मी ते हलवले. सावकाश, नीट, एकेक. मास्तरांनी सहा आकडे उलटे सांगितले. एकदा नाही, तीनदा. आल्विनने डोळे पुसले. "मानलं पप्पा," म्हणाला. "जिंकलात." मास्तर पट्टा सोडवून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, दमले असतील.

ईस्टर झाला, मास्तर घरीच राहिले. अनंताची फुलं घेऊन आलेही. मे लागला आणि रोजरी सुरू झाली. आळीतली माणसं कौतुकाने त्यांना बोलवायला गेली, मास्तर, आता करंट घेऊन ताजे झालात, चला, सांगा. मास्तर म्हणाले, "मणीवाल्या कुणाला सांगू द्या." आणि शेवटच्या ओळीत जाऊन उभे राहिले. मी ते पाहिलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. माणूस स्वतःला काय काय समजावतो हो! मी म्हटलं, विनय आहे त्यांचा.

महिन्याच्या शेवटी एका सकाळी त्यांनी पंप लावला. मग तो लावलाय हे विसरून बादली घेऊन बावखलाच्या पायऱ्या उतरले. पाणी खाली गेलेलं, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ. मांडीचं हाड मोडलं. शेजाऱ्यांना कळलं ते दुपारी, पंपाचं पाणी त्यांच्या वाडीत शिरलं म्हणून. तोवर मास्तर तिथेच पडून होते. मी धावत गेले तेव्हा चौघांनी त्यांना खाटेवर घेतलं होतं. मला बघून म्हणाले, "पंप बंद कर गं, कार्मेलिन. कुणीतरी चालू ठेवलाय."

ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात होते तेव्हाच मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मास्तरांचा कागद काढला आणि त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली. म्हणाल्या, "करंटचा काही उपयोग झाला असेल, नसेल. आता कधीच कळणार नाही." ते खरं आहे. मला आजही ठाऊक नाही. मास्तरांच्या बाबतीत जे काही कळण्यासारखं होतं, ते मी माझ्या तोंडाने पुसलं.

आल्विनलाही सांगितलं. "त्यांना घरीच राहायचं होतं," एवढंच बोलला आणि औषधं आणायला खाली गेला. त्याने मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या, त्याही दिल्या नाहीत.

मास्तर तुळिंजला गेले ते चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. खाली बाजार, रिक्षांचे हॉर्न, समोर दहा हातांवर दुसरी इमारत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या खिडक्यांची हजेरी घ्यायचे. आमच्या वर्गाची नावं, एका खिडकीला एक. खिडक्या सत्तेचाळीस भरत नसत, मग उरलेल्यांना गैरहजर धरायचे. सूनबाईंनी मला हे दारातच सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडाला लावला. त्या बिचारीने त्यांचं फार केलं.

मी जायलाच घाबरत होते. पावसाळा गेला, मग दिवाळी झाली, तेव्हा एका दुपारी धीर करून गेले. जाताना त्यांच्या वाडीतली अनंताची एक फांदी नेली. फुलं नव्हती, नुसती पानं. मास्तर खूप वाळले होते. पण ओळखलं. "खिडकीजवळचे ओठ," म्हणाले आणि हसले. मी त्यांच्या पायांशी बसले आणि सुरुवात केली, "मास्तर, त्या परीक्षेत मी तुम्हाला..."

"सांगितलंस."

मी वर बघितलं.

"पहिल्या दिवशी कळलं नाही मला. चौथ्या दिवशी कळलं. रुमाल काढलास त्या दिवशी तर सगळंच कळलं." ते अगदी शांतपणे बोलत होते. "मला घर सोडायचं नव्हतं गं. ऐकलेलं आपलं म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा."

मास्तरांनी शेजारचा वॉकर ओढला आणि उठायला लागले. मी म्हटलं, "अहो मास्तर, काय करताय, बसा." सूनबाई आतून धावत आल्या. पण ते ऐकेनात. एका हाताने वॉकर, एका हाताने गॅलरीचा गज धरून, दात आवळून, ते उभे राहिले आणि भिंतीला पाठ लावली. "सांगणारा आणि ऐकणारा," म्हणाले. "ये इकडे."

मी उठले आणि त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. चाळिशीला आलेली बाई मी. समोरच्या इमारतीतली एक मुलगी कपडे वाळत घालताना थांबून आमच्याकडे बघायला लागली. मास्तरांचे पाय थरथरत होते, कपाळावर घाम आला होता, बरोबर तिथेच जिथे मी स्पंज ठेवायचे. मी हाताने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. शिक्षेत हात धरत नाहीत.

असे किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. तीन-चार मिनिटं असतील. मग त्यांची नजर हळूहळू बदलली. समोरच्या खिडक्यांकडे बघितलं, वॉकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घाबरल्यासारखे झाले.

"कार्मेलिन, आपण का उभे आहोत?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली होती, मास्तर. तुम्ही मला शिक्षा दिलीत."

"मग मी का उभा?"

खरं उत्तर माझ्या ओठांत होतं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलंही, सवयीने. मी ते दातांखाली धरलं. आयुष्यात तेवढं एकदाच मला नीट जमलं.

"तुम्ही शिकवताय," मी म्हटलं. "वर्ग चालू आहे."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मान ताठ झाली. समोरच्या सगळ्या खिडक्यांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली, जशी वर्गावरून फिरवायचे तशी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "असं होय. मग बस तू खाली. पुष्कळ झाली शिक्षा."

त्यानंतर दीड महिन्याने, नाताळच्या आधी, मास्तर गेले. चौथ्या मजल्यावरून खाली उतरले ते त्याच दिवशी. आळीत आणून क्रुसापुढे थोडा वेळ ठेवलं, सगळ्या गावाने रोजरी म्हटली. मणी घाईत कुणीच आणले नव्हते. कुणी तरी मोजत असेल असं प्रत्येकाला वाटलं, त्यामुळे नमो मारिया चालूच राहिल्या, दहाच्या पुढे, पंधराच्या पुढे. कुणी खोकलं नाही. रोजरी संपल्यावर बायका ओट्यांवर टेकल्या, मलाही कुणीतरी जागा दिली.

मास्तरांनी बस म्हटलं होतं, ते मला ऐकू आलं होतं. मी बसले नाही.